शेताच्या मधून रस्ता गेल्यास 'वाजवी भरपाई' कशाकशाची मागता येते?

प्रश्न : बांधकरी

नमस्कार. आमच्या एकत्र कुटुंबाच्या शेतजमिनीतून राज्य शासनाच्या रस्त्यासाठी एक लांबट पट्टी घेतली जाणार आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ खालील प्राथमिक अधिसूचना प्रसिद्ध झाली असून संयुक्त मोजणीही नुकतीच पार पडली. पट्टी शेताच्या कडेने न जाता बरोबर मधून जाते. तिच्या उत्तरेला विहीर राहते आणि दक्षिणेला मोसंबीची बाग राहते. विहिरीचे पाणी बागेपर्यंत नेणारी जमिनीखालची पाइपलाइन मात्र या पट्टीतूनच गेलेली आहे. मोजणीच्या पत्रकात पट्टीतील झाडांची संख्या आली आहे, पाइपलाइनचा उल्लेख नाही, आणि जमिनीची प्रत 'जिराईत' अशी लिहिली आहे. गेल्या काही हंगामांत पीकपाहणीची नोंद आमच्याकडून वेळेवर झाली नव्हती, त्याचा हा परिणाम असावा असे तेथील कर्मचाऱ्याने सांगितले.

रस्ता व्हावा, याला आमचा विरोध नाही. तो झाल्याने परिसराचे भलेच होईल. परंतु कागदावर जेवढे क्षेत्र जाते तेवढेच आमचे नुकसान आहे, असे गृहीत धरून हिशेब होणार असेल तर तो आम्हाला मान्य करता येत नाही, कारण बागेचे पाणी तुटले तर उरलेल्या जमिनीचे उत्पन्नही जवळजवळ संपल्यासारखे आहे. 'चौपट मोबदला मिळतो' असे सर्वत्र ऐकू येते. ही चौपट कशाची, मूळ दर कोण ठरवतो आणि जी जमीन संपादनात जातच नाही तिच्या नुकसानीबद्दल काही मागता येते का, हे जाणकारांनी समजावून सांगावे, ही विनंती.

उत्तर १ : जुना भूकरमापक

चौपटीपासूनच सुरुवात करतो, कारण बहुतेक गैरसमज तेथेच आहेत. कायद्यात 'चौपट' असा शब्द कोठेही नाही. कलम २६ नुसार आधी बाजारमूल्य ठरते. जमीन ग्रामीण भागात असेल तर त्याला १ ते २ या मर्यादेतील, राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या गुणांकाने गुणले जाते. त्यात झाडे, बांधकाम, विहीर, पाइपलाइन अशा जमिनीला जोडलेल्या मालमत्तेचे मूल्य मिळवले जाते. आणि या बेरजेवर कलम ३० नुसार शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे सक्तीच्या संपादनाबद्दलची जादा रक्कम, दिली जाते. गुणांक २ असेल तेव्हा जमिनीपुरती ही रक्कम बाजारमूल्याच्या चौपट होते. शहरी भागात गुणांक १ असल्याने ती दुप्पटच राहते.

समजा, आपल्या पट्टीचे बाजारमूल्य १० लाख रुपये ठरले, गुणांक २ मिळाला आणि झाडे व पाइपलाइन मिळून ३ लाखांची मालमत्ता धरली गेली. १० लाखांचे २० लाख होतात, त्यात ३ लाख मिळवून २३ लाख, आणि तेवढीच दिलासा रक्कम धरून ४६ लाख. आता तीच जमीन जिराईत धरल्यामुळे मूळ मूल्य १० ऐवजी ६ लाख ठरले, तर अखेरची रक्कम ३० लाखांवर येते. मुळातला ४ लाखांचा फरक शेवटी १६ लाखांचा होतो. त्याचप्रमाणे ३ लाखांपैकी १ लाखाची पाइपलाइन पत्रकात आली नाही, तर आपले नुकसान १ लाखाचे नसून २ लाखांचे आहे, कारण तिच्यावरची दिलासा रक्कमही गेली. लोक गुणांकावरून वाद घालत बसतात. तो शासनाच्या अधिसूचनेने ठरलेला असतो आणि आपल्या अर्जाने बदलत नाही. आपल्या हातात आहे तो मूळ आकडा आणि मोजणीचे पत्रक. म्हणून सारे बळ तेथे लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ आकडा कसा निघतो, हेही नीट पाहा. मुद्रांक शुल्कासाठी असलेल्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातील, म्हणजे आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो त्यातील दर, आणि परिसरातील तशाच जमिनीच्या प्रत्यक्ष खरेदी-विक्रीची सरासरी, यांपैकी जो जास्त असेल तो धरायचा असतो. ही सरासरी सरसकट सगळ्या व्यवहारांची नसते. अधिसूचनेच्या आधीच्या ३ वर्षांत नोंदलेली खरेदीखते घेऊन त्यांतील जास्त किमतीची निम्मीच हिशेबात धरावी, असे कलमाच्या स्पष्टीकरणातच सांगितले आहे. आधीच्या संपादनात दिलेला मोबदला मात्र त्यात धरता येत नाही, आणि एखादा व्यवहार खऱ्या बाजारभावाचा निदर्शक नाही असे जिल्हाधिकाऱ्यांना वाटले तर तो ते वगळू शकतात.

तरतूद मालकाच्या बाजूची आहे. अडचण तिच्या कच्च्या मालात आहे. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खरेदीखतात प्रत्यक्षापेक्षा कमी रक्कम लिहिण्याची सवय आपल्याकडे इतकी रुजली आहे, की पुष्कळ खरेदीखते रेडी रेकनरच्या दराला चिकटूनच असतात आणि मग दोन्ही मापे एकच आकडा दाखवतात. तरीही अपवाद सापडतात. बँकेच्या कर्जावर झालेले किंवा बाहेरच्या कंपनीने केलेले व्यवहार बहुधा पूर्ण रकमेचे असतात. दुय्यम निबंधक कार्यालयातून आपल्या आणि लगतच्या गावांतील ३ वर्षांचे सूची दोनचे (नोंदलेल्या खरेदीखतांच्या नोंदींचे) उतारे काढा, आपल्यासारखीच प्रत व रस्त्यापासूनचे अंतर असलेले व्यवहार वेगळे करा आणि त्यांच्या प्रती कलम २१ च्या नोटिशीला उत्तर देताना लेखी मागणीसोबत जोडा. सुनावणीत तोंडी सांगितलेले कोठेच उरत नाही.

जमिनीच्या प्रतीबद्दल : पीकपाहणीची नोंद राहून गेली म्हणून बागायत जमीन जिराईत होत नाही, पण अधिकारी कागद पाहूनच लिहिणार. सातबाऱ्यावरील विहिरीची नोंद, कृषिपंपाची वीजबिले, ठिबक संचाच्या अनुदानाचे कागद, बाजार समितीतील फळविक्रीच्या पावत्या, जुन्या वर्षांचे पिकांचे उतारे, यांतील जे असेल ते जमवून पत्रकाला लेखी हरकत घ्या आणि फेरपाहणीची मागणी करा. झाडांच्या बाबतीत केवळ संख्या पुरेशी नाही. वय, फळधारणा आणि उत्पादनाचा काळ यांवर मूल्य ठरते. त्यासाठी फलोत्पादनातील अनुभवी व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद कलम २९ मध्ये आहे, तिचा उल्लेख अर्जात आवर्जून करावा.

उत्तर २ : न्यायकक्ष

वरील उत्तराला जोडून, न संपादित केलेल्या जमिनीच्या नुकसानीबद्दल सांगतो, कारण प्रश्नकर्त्यांच्या बाबतीत खरा मुद्दा तोच आहे.

कलम २८ मध्ये भरपाई ठरवताना विचारात घ्यावयाच्या बाबी दिल्या आहेत. उभी पिके व झाडे यांचे नुकसान त्यात आहेच. त्याशिवाय, संपादित भाग उरलेल्या जमिनीपासून तोडला गेल्यामुळे होणारे नुकसान आणि संपादनामुळे मालकाच्या इतर स्थावर-जंगम मालमत्तेवर किंवा उत्पन्नावर होणारा प्रतिकूल परिणाम, या दोन स्वतंत्र बाबी आहेत. विहीर आणि बाग यांची ताटातूट हे पहिल्या प्रकारचे जवळजवळ शुद्ध उदाहरण आहे. बागेचे घटलेले उत्पन्न दुसऱ्या प्रकारात येते. अखेरची बाब तर न्याय, समन्याय आणि बाधित कुटुंबांचे हित यांसाठी मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे. या मागण्या कोणी स्वतःहून मांडून देत नाही. निवाड्याच्या, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाच्या, छापील नमुन्यात जमीन, झाडे, बांधकाम असे रकाने असतात, विभाजनाच्या नुकसानीचा रकाना बहुधा कोराच राहतो, आणि ज्याने मागितले नाही त्याला ते मिळत नाही.

'वाजवी' याचा अर्थ काय, या प्रश्नावर आपल्या देशात मोठा घटनात्मक संघर्ष झालेला आहे आणि तो माहीत असला की आपली मागणी ही याचना नाही, हे लक्षात येते. पश्चिम बंगालच्या १९४८च्या एका कायद्याने संपादनाचा मोबदला ३१ डिसेंबर १९४६च्या बाजारमूल्यापेक्षा जास्त असणार नाही, असे ठरवून टाकले होते. संपादन कितीही वर्षांनी होवो, किंमत गोठलेलीच. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद रद्द केली आणि भरपाई म्हणजे मालकाने जे गमावले त्याच्या तोलाची रक्कम, असा अर्थ लावला. त्यानंतर १९५५ची चौथी घटनादुरुस्ती आली आणि मोबदल्याचे पुरेसेपण न्यायालयीन तपासणीच्या बाहेर नेण्यात आले. १९७० मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात न्यायालयाने पुन्हा मोबदल्याची तत्त्वे तपासली, तेव्हा पंचविसाव्या घटनादुरुस्तीने 'भरपाई' हा शब्दच काढून तेथे 'रक्कम' असा शब्द घातला. शेवटी १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क संपुष्टात आणला आणि २० जून १९७९ पासून अनुच्छेद ३००अ एवढाच उरला : कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही.

जमीनदारी मोडून कुळांना जमीन देणे हा या दुरुस्त्यांमागील एक मोठा हेतू होता आणि त्याचे मोल मी कमी मानत नाही. पण हजारो एकरांच्या जमीनदारासाठी तयार केलेली हत्यारे पुढे दोन एकरांच्या शेतकऱ्यावर चालवली गेली, हेही तितकेच खरे आहे. १८९४च्या कायद्यात सक्तीच्या संपादनाबद्दल बाजारमूल्यावर १५ टक्के दिलासा रक्कम होती. ती ३० टक्के व्हायला १९८४ साल उजाडले. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने ती १०० टक्के केली, आणि त्यामागील तत्त्व मला पूर्णपणे पटते. बाजारमूल्य ही कल्पना राजीखुशीने विकणारा आणि राजीखुशीने घेणारा यांच्या व्यवहारावर उभी आहे. संपादनात विकणारा राजी नसतो. त्याला नाही म्हणण्याचा अधिकारच नसतो. दिलासा रक्कम ही त्या गमावलेल्या 'नाही'ची किंमत आहे, शासनाचे औदार्य नव्हे.

२०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद ३००अ मध्ये सात अंगभूत हक्क सामावलेले आहेत, असे सांगितले. त्यांत नोटीस मिळणे, म्हणणे ऐकून घेतले जाणे, सकारण निर्णय मिळणे आणि वाजवी भरपाई यांचा समावेश आहे. तेव्हा आपल्या हरकतीवर 'अमान्य' असा एका शब्दाचा शेरा आला, तर त्यालाही आव्हान देता येते.

बांधकरी

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. एक अडचण आणखी आहे. माझ्या धाकट्या काकांना रक्कम लवकर हवी आहे आणि थेट खरेदीला संमती देऊन मोकळे व्हावे, असे त्यांचे म्हणणे आहे. उलट थोरल्या काकांचे म्हणणे असे की पैसे घेतलेच तर प्रकरण संपले, म्हणून निवाड्याची रक्कम उचलूच नये. शिवाय आजोबांच्या पश्चात आत्यांची नावे सातबाऱ्यावर लागलेली नाहीत. अशा वेळी काय करावे?

उत्तर ३ : न्यायकक्ष

आपल्या दोन्ही काकांचे म्हणणे अर्धे अर्धे बरोबर आहे.

थेट खरेदीत काही वाढीव रक्कम देऊ केली जाते आणि ती लवकर मिळते, हे खरे. पण तो संमतीचा व्यवहार असल्यामुळे पुढे वाढीव मोबदल्याची मागणी करण्याचा मार्ग सामान्यतः बंद होतो. विभाजनाचे नुकसान हिशेबात आलेले नसताना आणि जमीन जिराईत लिहिलेली असताना संमती देणे म्हणजे त्या चुकांवर स्वतःच शिक्का मारणे होय. पत्रक दुरुस्त होऊन देकार पुन्हा आला, तर मग विचार अवश्य करावा.

निवाडा झाल्यावर रक्कम न उचलणे मात्र शहाणपणाचे नाही. कलम ७७ नुसार हरकत राखून रक्कम स्वीकारता येते. पावतीवर, सही करण्यापूर्वी, 'ही रक्कम अपुरी असल्याने हरकत राखून स्वीकारत आहे' असे स्पष्ट लिहावे आणि त्याच अर्थाचे पत्र आवक क्रमांक घेऊन कार्यालयात द्यावे. हरकत न नोंदवता रक्कम घेतली तर कलम ६४ खाली प्राधिकरणाकडे, म्हणजे मोबदल्याचे वाद ऐकण्यासाठी या कायद्याने नेमलेल्या यंत्रणेकडे, प्रकरण पाठवण्याची मागणी करण्याचा अधिकार जातो. थोरल्या काकांनी ऐकलेले हेच असावे. या अर्जाची मुदत फार तुटपुंजी आहे. निवाड्याच्या वेळी आपण किंवा आपला प्रतिनिधी हजर असल्यास निवाड्याच्या तारखेपासून ६ आठवडे. अन्यथा नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांतील जे आधी संपेल ते. सबळ कारण असल्यास जिल्हाधिकारी आणखी १ वर्षापर्यंत अर्ज दाखल करून घेऊ शकतात, पण त्या आधारावर कोणी विसंबून राहू नये.

मुदत हुकलीच, तर कलम ७३ पाहावे. त्याच अधिसूचनेतील दुसऱ्या कोणा मालकाला प्राधिकरणाने वाढीव रक्कम दिली, तर त्या निर्णयापासून ३ महिन्यांच्या आत इतरांनाही त्या आधारावर फेरनिश्चिती मागता येते. शेजारच्या गटांच्या प्रकरणांवर लक्ष ठेवायचे ते यासाठी.

आत्यांची वारस नोंद आत्ताच करून घ्यावी, आणि ती करताना कोणाकडून हक्कसोडपत्राचा आग्रह धरू नये. हिस्सेदारांत वाद दिसला की शासन रक्कम प्राधिकरणाकडे जमा करून मोकळे होते, ताबा घेतला जातो आणि कुटुंब मात्र आपल्याच पैशासाठी वर्षानुवर्षे एकमेकांविरुद्ध उभे राहते. ताब्याबद्दल एवढे ध्यानात ठेवा, की कलम ३८ नुसार भरपाई पूर्ण दिल्याशिवाय किंवा देऊ केल्याशिवाय तो घेता येत नाही.

उत्तर ४ : ओलिताखाली

येथील कायदेशीर माहिती मोलाची आहे, पण एक गोष्ट सुटते आहे म्हणून लिहिते. वाढीव रक्कम मिळाली की भरपाई वाजवी झाली, असे मला वाटत नाही.

१९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तेव्हा त्यांचा आग्रह किमतीपुरता नव्हता. जमिनीच्या बदल्यात जमीन हा विचार महाराष्ट्राने १९७६ मध्येच प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा करून स्वीकारला होता. २०१३च्या कायद्यात मात्र तो मुख्यतः पाटबंधारे प्रकल्पांपुरता आणि 'शक्य असेल तेथवर' लाभक्षेत्रात, म्हणजे प्रकल्पाच्या पाण्याने भिजणाऱ्या भागात, किमान १ एकर इतका आक्रसला आहे. रस्त्यासाठी जमीन गेलेल्याला बहुधा पैसेच मिळतात. आणि एकाच वेळी सगळ्या बाधितांच्या हाती पैसा आला की परिसरातील जमिनीचे भाव चढतात, त्यामुळे अधिसूचनेच्या तारखेला गोठवलेल्या मूल्यावर मिळालेल्या रकमेत तेवढी जमीन पुन्हा घेता येत नाही. हीच १९४६च्या गोठलेल्या किमतीची लहान आवृत्ती नाही का, याचा कायद्याच्या अभ्यासकांनी विचार करावा.

दुसरे असे, की आपल्या बागेत वर्षानुवर्षे राबणारी जी कुटुंबे असतील त्यांचे नाव मोजणीच्या पत्रकात कोठेच नसणार. कायद्याच्या व्याख्येनुसार संपादनापूर्वी ३ वर्षे त्या भागात काम करणारी आणि ज्यांची उपजीविका मुख्यतः त्यावर अवलंबून आहे अशी शेतमजूर, खंडकरी व वाटेकरी कुटुंबेही 'बाधित कुटुंबे' ठरतात. आपल्या अर्जासोबत त्यांच्याही नावांची यादी द्या. मालकानेच त्यांचे नाव घेतले नाही तर दुसरे कोण घेणार?

उत्तर ५ : जुना भूकरमापक

वरील ताईंच्या यादीच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मालकाच्या पत्राने त्या कुटुंबांची नोंद कार्यालयाच्या दप्तरात आपोआप येते, नंतर कोणी 'माहिती नव्हती' म्हणू शकत नाही.

पाइपलाइनचे काम आधी उरका, कारण पट्टीत यंत्रे आली की पुरावाच उकरला जाईल. दोन-तीन ठिकाणी खड्डा घेऊन पाइप उघडा करा, त्याचा व्यास, खोली आणि गटाच्या हद्दीपासूनचे अंतर टेपने मोजून ते दिसेल अशी छायाचित्रे काढा, आणि तलाठी व दोन शेजारी यांच्या सह्यांचा पंचनामा करून घ्या. हरकतीच्या अर्जात केवळ 'पाइपलाइनचा मोबदला द्यावा' एवढेच लिहू नका. जुन्या पाइपचे मूल्य ही एक मागणी आहे. रस्त्याखालून नवी पाइपलाइन नेण्यासाठी रस्त्याच्या आराखड्यातच आडवा नळ ठेवावा, ही दुसरी. ती मान्य झाली, तर विभाजनाचे बरेचसे नुकसान पैशाशिवायच टळते. आणि बांधकाम सुरू होण्यापूर्वी असा नळ टाकणे प्रकल्पाच्या खर्चाच्या मानाने क्षुल्लक असते, पुढे डांबरी रस्ता फोडण्याची परवानगी मिळवणे मात्र फार कठीण जाते. म्हणून हा अर्ज भूसंपादन अधिकाऱ्यांबरोबरच रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेच्या कार्यकारी अभियंत्यांनाही द्या, दोन्हीकडची पोच घ्या, आणि नळ नाकारला गेला तर बागेच्या उत्पन्नाच्या नुकसानीची पूर्ण मागणी कलम २८ खाली कायम राहील, असे शेवटच्या परिच्छेदात नमूद करून ठेवा.